बंदिवानांचें वाङ्मय : देव्हारा कीं ग्रंथसंग्रह ?

मराठींतील कित्येक उत्तम ग्रंथ तुरुंगाच्या भिंतींआड लिहिले गेले, ही गोष्ट आतां आपल्याकडे शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक आहे. व्याख्यानमालांतून ती सांगितली जाते, पुण्यतिथीच्या लेखांतून ती येते, आणि ती सांगतांना वक्त्याचा कंठ दाटून आल्यावांचून राहत नाहीं. या अभिमानाविरुद्ध माझें कांहींएक म्हणणें नाहीं. तो रास्तच आहे. माझी तक्रार निराळी आहे. ज्या वाङ्मयाचा आपण इतका अभिमान बाळगतों, तें एका ठिकाणीं गोळा करावें, त्याची पुरी यादी करावी, त्यांत काय आहे आणि काय नाहीं हें एकदां डोळे उघडून पाहावें, अशी तसदी आपल्यापैकीं किती जणांनीं घेतली आहे? आपण चार-दोन थोर नांवें निवडलीं, त्यांच्या पुस्तकांचा देव्हारा मांडला, आणि देव्हाऱ्यालाच ग्रंथसंग्रह समजून स्वस्थ बसलों.

या लेखांत मला एकच गोष्ट आग्रहानें मांडावयाची आहे. बंदिवानांनीं लिहिलेलीं आणि बंदिवानांविषयीं लिहिलेलीं पुस्तकें आपण जमवावींत, तीं एकत्र जमवावींत, आणि जमवितांना बंदिवान थोर होता कीं क्षुद्र, निर्दोष होता कीं अपराधी, देशासाठीं आंत गेला कीं पोटासाठीं, हा प्रश्न दाराशीं उभा करूं नये. ही निवड जोंपर्यंत चालू राहील, तोंपर्यंत आपल्या कपाटांत थोर पुरुष राहतील, पण तुरुंग राहणार नाहीं. आणि तुरुंग ही संस्था तर आपलीच आहे. ती आपल्या पैशानें, आपल्या कायद्यानें व आपल्याच नांवानें चालते. तिच्या आंत काय घडतें हें जाणून न घेतां तिच्या वाङ्मयाचा अभिमान मिरविणें, याला मी आत्मवंचना म्हणतों.

हा विषय कोल्हापुरांतून मांडण्यास एक खास कारण आहे. मराठींतील तुरुंगाच्या पुस्तकांत ज्याचें नांव आरंभींच घ्यावें लागतें, तें गोपाळ गणेश आगरकरांचें 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस' हें १८८२ सालचें पुस्तक कोल्हापूरच्या प्रकरणांतून जन्मलें. १८७१ सालीं करवीरच्या गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज भ्रमिष्ट झाल्याचें सरकार सांगत होतें. लोकांची समजूत अशी, कीं महाराजांचा छळ होत आहे आणि त्यांत दिवाण माधवराव बर्वे यांचें अंग आहे. 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनीं ही समजूत उघडपणें बोलून दाखविली, आणि बर्व्यांच्या हातचीं म्हणून मिळालेलीं कांहीं पत्रें आधाराला घेतलीं. अब्रुनुकसानीचा खटला झाला. पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं दिलगिरी व्यक्त केली, तरी १७ जुलै १८८२ रोजीं टिळक व आगरकर यांस चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली, आणि सूट मिळून १०१ दिवसांनीं ते बाहेर आले.

ज्या महाराजांसाठीं हे १०१ दिवस काढले गेले, त्यांचें पुढें काय झालें? त्यांस अहमदनगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यांत ठेवण्यांत आलें, आणि २५ डिसेंबर १८८३ रोजीं ग्रीन नांवाच्या एका गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत त्यांचा अंत झाला. वय अवघें वीस वर्षांचें. संपादकाचें पुस्तक आपल्यापाशीं आहे; महाराजांचें नाहीं. त्यांच्याविषयीं अधिकाऱ्यांनीं लिहिलें, वैद्यांनीं लिहिलें, वर्तमानपत्रांनीं लिहिलें. पण त्या किल्ल्यांत दिवस कसा उगवे आणि रात्र कशी सरे, हें सांगणारा त्यांच्या स्वतःच्या हातचा ग्रंथ आपल्या कपाटांत नाहीं. मुका राहिलेला बंदिवान म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें एखादा अडाणी पाकीटमार येतो. येथें तर साक्षात् छत्रपति मुके राहिले.

त्याच किल्ल्यांत पुढें १९४२ च्या ऑगस्टमध्यें काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सभासद आणून ठेवले गेले. पंडित नेहरूंनीं १९४४ सालीं तेथें 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला. मौलाना आझादांनीं तेथूनच जीं पत्रें लिहिलीं, त्यांचा 'गुबारे खातिर' हा उर्दू संग्रह झाला. दोन्हीं पुस्तकें १९४६ सालीं प्रसिद्ध झालीं. किल्ला तोच, तट तेच, पहाराही सरकारचाच. मग एका बंदिवासांतून जगप्रसिद्ध ग्रंथ निघावा आणि दुसऱ्यांतून एक पानही निघूं नये, हें कां? उत्तर साधें आहे. तुरुंग ग्रंथ लिहीत नाहीं. ग्रंथ लिहिण्यास कागद लागतो, शिक्षण लागतें, अंगावर हात टाकण्यास पहारेकरी कचरेल एवढी प्रतिष्ठा लागते, आणि हस्तलिखित बाहेर आल्यावर तें छापणारे स्नेही लागतात. ज्यांच्यापाशीं हें सारें होतें, त्यांचा बंदिवास वाङ्मय झाला. ज्यांच्यापाशीं नव्हतें, त्यांचा बंदिवास नुसता बंदिवासच राहिला. तेव्हां 'एकांतवासानें प्रतिभा फुलते' वगैरे जें काव्य आपण या विषयावर रचतों, तें आतां आवरतें घ्यावें.

आतां आपल्या देव्हाऱ्यांतील पुस्तकांकडे वळूं. लोकमान्यांनीं १९१०–११ च्या हिवाळ्यांत मंडालेच्या तुरुंगांत 'गीतारहस्य' लिहिलें; तें १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. विनोबांनीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर प्रवचनें दिलीं आणि साने गुरुजींनीं तीं लिहून घेतलीं. त्याच गुरुजींनीं १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. हे तिन्हीं ग्रंथ बंदिवानांचे खरे. पण त्यांच्यांत तुरुंग कोठें आहे? पहिल्या दोहोंत तत्त्वज्ञान आहे आणि तिसऱ्यांत कोंकणांतील एक घर आहे. ग्रंथपालांनीं पहिले दोन धर्माच्या खणांत व तिसरा मुलांच्या खणांत ठेवला, त्यांत त्यांचा दोष नाहीं. दोष आपला, कीं एवढ्यावर आपण तुरुंगवाङ्मयाचा विषय संपला असें मानलें.

मंडालेंत टिळकांचा स्वयंपाक करण्यासाठीं कुलकर्णी नांवाचा सातारकडील एक कैदी दिलेला होता. त्यानें सांगितलेल्या आठवणी पुढें छापून निघाल्या, आणि लोकमान्य केव्हां उठत, काय खात, किती वेळ लिहीत हें त्यांवरून आपणांस कळतें. तोही कैदीच होता. त्यालाही घर होतें, शिक्षेची मुदत होती, ब्रह्मदेशांतील तोच उन्हाळा त्याच्याही कपाळीं होता. पण त्याच्या आठवणी आपण जपल्या त्या टिळकांच्या म्हणून. कुलकर्ण्याच्या म्हणून नव्हे. देव्हारा आणि संग्रह यांतील अंतर मला याहून स्पष्ट करून सांगतां येणार नाहीं.

कोणी म्हणेल, कीं 'माझी जन्मठेप' आहे ना! आहे, आणि तें फार महत्त्वाचें पुस्तक आहे. १९२७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथांत अंदमानचा कोलू आहे, वॉर्डर आहेत, जमादार आहेत, आणि चोरी-दरोड्यासाठीं काळ्या पाण्यावर आलेले साधे कैदीही आहेत. सावरकरांनीं त्यांना लिहावयास-वाचावयास शिकविण्याची खटपट केली, तिची हकीकत त्यांत आहे. आगरकरांच्या छोट्या पुस्तकांतही डोंगरीचा तुरुंग प्रत्यक्ष दिसतो. पण या दोन्हीं ठिकाणीं साधा कैदी दिसतो तो पुढाऱ्याच्या दृष्टीनें. तो कधीं सुधारण्याजोगा आहे, कधीं भयंकर आहे, कधीं विनोदी आहे. स्वतः बोलणारा मात्र तो नाहीं. पुढें १९३० च्या सुमारास सरकारनें कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडले आणि वजनदार पुढारी साध्या कैद्यांपासून आणखीच दूर झाले. आणीबाणींतील बंदिवासावर कुमार सप्तर्षींचें 'येरवडा विद्यापीठातील दिवस' हें पुस्तक आहे. त्याचें नांवच पाहा. तुरुंगाला विद्यापीठ म्हणण्यांत एक उमदा खेळकरपणा आहे, तो मला आवडतो. पण हा खेळकरपणा ज्याच्यामागें समाज उभा आहे त्यालाच परवडतो. जामिनाचे पैसे भरतां येत नाहींत म्हणून वर्षानुवर्षें आंत बसलेल्या मजुराला तें विद्यापीठ वाटत नसतें.

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या आम्हां मंडळींच्या तोंडीं बनियन आणि ऑस्कर वाइल्ड यांचीं नांवें नेहमीं असतात. पण या विषयांत खरा आदर्श रशियांतील आहे. दोस्तोएव्हस्की हा राजकीय कैदी होता. १८५० पासून चार वर्षें तो ओम्स्कच्या तुरुंगांत खुनी, चोर व दरोडेखोर यांच्याबरोबर एकाच बराकींत, पायांत बेड्या घालून राहिला. आणि बाहेर आल्यावर त्यानें जें पुस्तक लिहिलें, त्यांत स्वतःला मागें ठेवून त्या माणसांना पुढें आणलें. त्यांचे स्वभाव, त्यांचे सण, त्यांचीं भांडणें, त्यांचें मौन हीं सारीं त्यानें टिपलीं. आपल्याच महाराष्ट्रांतील येरवड्याच्या तुरुंगांत सुधा भारद्वाज यांनीं आपल्या कोठडीच्या गजांतून पाहिलेल्या साध्या स्त्री-कैद्यांचीं शब्दचित्रें काढलीं. 'फ्रॉम फाँसी यार्ड' या नांवानें तीं २०२३ सालीं प्रसिद्ध झालीं, पण इंग्रजींत. येरवड्यांतील बायकांचें सुख-दुःख मराठी घरांत इंग्रजीच्या वाटेनें यावें, याची मराठी प्रकाशकांना व वाचकांना कांहीं खंत वाटावयास नको काय?

बंदिवानांविषयींच्या पुस्तकांचा विचार केला, तर आपली दृष्टि आणखीच अरुंद ठरते. लक्ष्मण गायकवाडांचें 'उचल्या' १९८७ सालीं प्रसिद्ध झालें आणि पुढच्याच वर्षीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. तें आपण दलित व भटक्या समाजाच्या आत्मचरित्रांत ठेवतों, आणि तें योग्यच आहे. पण तें तुरुंगाचें पुस्तक नाहीं काय? १८७१ च्या कायद्यानें कित्येक जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. कोणाला ठाण्यावर हजेरी, कोणाला सोलापूरसारख्या ठिकाणीं तारेच्या कुंपणांतील वसाहत. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला. पोलिसांची नजर कांहीं त्या दिवशीं रद्द झाली नाहीं. शाहू महाराजांनीं १९१८ सालींच करवीर राज्यांत महार, मांग, रामोशी, बेरड यांच्या मागची हजेरी बंद केली, हें येथें मुद्दाम सांगावयास पाहिजे. भिंती नसलेलाही तुरुंग असतो, हें त्या राजाला कळलें होतें. आपल्या ग्रंथसूचीला तें अद्याप कळावयाचें आहे.

दुसरें उदाहरण चित्रपटाचें आहे, पण मुद्दा तोच आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें औंध संस्थानानें १९३९ सालीं कैद्यांची खुली वसाहत स्थापन केली. तिच्यावरून ग. दि. माडगूळकरांना कथा सुचली आणि कोल्हापूरच्या शांतारामबापूंनीं १९५७ सालीं 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्र थोर आहे, याविषयीं वाद नाहीं. पण त्याच्या नांवाचा अर्थ पाहा: डोळे दोन, ते तुरुंगाधिकाऱ्याचे; हात बारा, ते सहा कैद्यांचे. कैद्यांना डोळे आहेत, हें नांवांत कोठें नाहीं. कळंब्याच्या तुरुंगांतील बंदिवानांनीं वळलेले लाडू कांहीं वर्षें अंबाबाईचा प्रसाद म्हणून भाविकांच्या हातीं पडत होते, आणि आपण ते कपाळाला लावून घेत होतों. त्या हातांचा विटाळ आपणांस झाला नाहीं, ही चांगली गोष्ट. मग त्याच हातांनीं लेखणी धरली तर कां व्हावा?

आतां आक्षेपांकडे वळतों. पहिला आक्षेप नीतीचा आहे आणि तो हलका नाहीं. ज्याच्या घरचें माणूस मारलें गेलें, त्यानें मारेकऱ्याचें पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयांत मानानें ठेवलेलें कां पाहावें? या प्रश्नापुढें मी हात जोडून उभा राहतों. पण माघार घेत नाहीं. संग्रह करणें म्हणजे सत्कार करणें नव्हे. त्याच कपाटांत पीडितांचीं पुस्तकें असावींत, न्यायाधीशांचीं असावींत, तुरुंगाधिकाऱ्यांचीं असावींत. एकाच बाजूचें ठेवल्यानें अन्याय होतो. सर्वांचें ठेवल्यानें होत नाहीं. शिवाय 'मारेकरी' हा शब्द आपण किती सैलपणें वापरतों तेंही पाहावें. २०२२ च्या अखेरीस भारतांतील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसें होतीं, आणि त्यांपैकीं सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतील तिघांचा अपराध अद्याप शाबीत झालेला नव्हता. यांना अपराधी म्हणून ग्रंथालयाबाहेर ठेवणारे आपण कोण? आणि शाबीत झालेल्यांना वगळावें असा नियम करावयाचा, तर पहिल्यानें आगरकरांचेंच पुस्तक बाहेर काढावें लागेल. डोंगरीची शिक्षा राजद्रोहासाठीं नव्हती. ती अब्रुनुकसानीच्या साध्या फौजदारी गुन्ह्यासाठीं होती, आणि लेखाचा आधार असलेलीं पत्रें न्यायालयांत खोटीं ठरलीं होतीं. तरी आपण तें पुस्तक आदरानें वाचतों. कां? तर लिहिणाऱ्या माणसाला आपण ओळखतों. साध्या कैद्यापाशीं नेमकी ही एकच गोष्ट नसते.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन गुणांचा. असल्या लिखाणांत शैली नसते, रचना नसते, तेंच तें असतें, असें रसिक म्हणतात. नसेल. राजवाडे गांवोगांव हिंडून जुनीं दफ्तरें गोळा करीत होते, तीं काय अनुप्रासासाठीं? कोणा कारकुनानें लिहिलेली रसद-खर्चाची यादी आपण इतिहासाचें साधन म्हणून छापतों आणि तिच्यावर प्रबंध लिहितों. मग आजच्या माणसानें आजच्या कोठडीविषयीं लिहिलेल्या चार ओबडधोबड पानांना आपला उंबरठा कां वर्ज्य असावा? दोनशें वर्षांनीं कोणी राजवाडे येतील तेव्हां तीं पानें मौल्यवान ठरतील, असें आपण मनांतून जाणतों. तोंवर तीं उरलीं तर पाहिजेत ना!

तिसरा आक्षेप सभ्य घरांतला. मुलांच्या हातीं असलीं पुस्तकें पडलीं तर काय शिकतील? या आक्षेपाला उत्तर म्हणून मी 'श्यामची आई' पुढें करतों. मुलांना सद्वर्तन शिकवावें म्हणून जें पुस्तक आपण हौसेनें विकत आणतों, तें एका कैद्यानें कोठडींत लिहिलें आहे, एवढें एक वाक्य वाचनापूर्वीं मुलांना सांगून पाहावें. तुरुंगांत माणसें असतात, हा धडा त्यांना त्या एका वाक्यानें मिळेल. आणि तो धडा वाईट आहे असें कोणी म्हणत असेल, तर त्याच्याशीं वाद घालण्यांत मला स्वारस्य नाहीं.

या आक्षेपकांहून सरकारी खात्यांची तऱ्हा अधिक बोलकी आहे. प्रभाकर संझगिरी हे १९६२ च्या भारतसंरक्षण नियमांखालीं मुंबईच्या तुरुंगांत स्थानबद्ध होते. तेथें त्यांनीं 'अणूच्या अंतरंगांत' या नांवाचें एक मराठी पुस्तक लिहिलें. विषय शुद्ध पदार्थविज्ञानाचा. हस्तलिखित छपाईसाठीं पत्नीकडे पाठविण्याची परवानगी त्यांनीं मागितली, आणि सरकारनें ती नाकारली. उच्च न्यायालयानें परवानगी द्या म्हणून सांगितलें, तर महाराष्ट्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत गेलें. सरकारचें म्हणणें असें, कीं नियमांनीं दिलेल्या तेवढ्याच सवलती स्थानबद्धाच्या; पुस्तक लिहून छापण्याची सवलत नियमांत नाहीं, म्हणून तो हक्कही नाहीं. ६ सप्टेंबर १९६५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें अपील फेटाळलें: ज्याला नियमांत मनाई नाहीं, तें करण्याचें बंदिवानाचें स्वातंत्र्य शाबूत आहे. मराठींत विज्ञान लिहिलें जात नाहीं म्हणून आपण सभांतून हळहळतों. आणि मराठींतील एका विज्ञानाच्या पुस्तकासाठीं देशाच्या सर्वश्रेष्ठ न्यायालयांत झुंज झाली, ही गोष्ट आपल्यापैकीं कितीकांस ठाऊक आहे? अशा पुस्तकाची जागा कोणत्या खणांत? विज्ञानाच्या खणांत तें हरवेल. त्याची खरी जागा मी म्हणतों त्या संग्रहांत आहे.

हें जुनें झालें म्हणावें, तर २०२२ सालचें ऐका. तळोजाच्या तुरुंगांत गौतम नवलखा यांच्यासाठीं पाठविलेलें वुडहाउसचें विनोदी पुस्तक सुरक्षिततेला धोका म्हणून नाकारण्यांत आलें, आणि मुंबई उच्च न्यायालयालाही त्याचें हंसूं आलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कोबाड गांधी यांच्या तुरुंगवासाच्या आठवणींच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या मराठी अनुवादास, अनुवादिका अनघा लेले यांस, राज्य शासनाचें पारितोषिक जाहीर झालें. आणि थोड्याच दिवसांत शासनानें तें रद्द करून निवडसमितीही बरखास्त केली. पुस्तकांतील मतें मला पटतात कीं नाहीं, हा येथें प्रश्नच नाहीं. नक्षलवादाविषयीं माझें मत विचाराल तर तें शासनाहून फारसें निराळें नसेल. पण वाचकानें काय वाचून नाकारावें हें वाचकानें ठरवावयाचें असतें. ग्रंथालयानें अशा वेळीं पुस्तकही ठेवावें आणि पारितोषिक रद्द करणारा शासननिर्णयही त्याच्याशेजारीं ठेवावा. दोन्हीं मिळून त्या काळाचा पुरावा पुरा होतो.

नुसती टीका करून थांबणें मला शोभणार नाहीं. म्हणून काय करावें तेंही सांगतों. कोल्हापुरांत करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. त्याच्यासारख्या संस्थेनें एक कपाट या कामीं द्यावें आणि त्यावर 'बंदिवास' एवढा एकच शब्द लिहावा. पहिलें काम सूचीचें. शंकर गणेश दाते यांनीं १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची करून १९४३ सालीं छापली. त्या मानानें हें काम लहान आहे, आणि एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला तें झेपण्याजोगें आहे. दुसरें, पुस्तकांबरोबर कागदपत्र ठेवावे: १९१९–२० च्या तुरुंगसमितीचा अहवाल, १९८० ते १९८३ या काळांतील मुल्ला समितीचा अहवाल, तुरुंगांचे नियम, आणि संझगिरींसारख्या खटल्यांचे निकाल मराठी भाषांतरासह. तिसरें काम कठीण, पण सर्वांत अगत्याचें. ज्यांना लिहितां येत नाहीं अशा सुटून आलेल्या माणसांच्या तोंडून त्यांच्या हकीकती, त्यांचीं नांवें गुप्त ठेवून, उतरवून घ्याव्या. विनोबांचीं प्रवचनें साने गुरुजींनीं लिहून घेतलीं म्हणूनच तीं उरलीं. लिहून घेणारा मिळाला तर साध्या माणसाचें बोलणेंही उरेल. चौथें, या कपाटांतील पुस्तकांच्या प्रती कळंब्याच्या आणि बिंदू चौकांतील तुरुंगांत जाव्या. बंदिवानांविषयीं लिहिलेलें बंदिवानांनीं वाचून पाहावें, आणि चुकलें असेल तेथें चुकलें म्हणावें, हा त्यांचा अधिकार आहे.

खर्चाची सबब कोणी सांगूं नये. एका सत्कारसमारंभाच्या मंडपाला जो खर्च येतो, त्यांत असें कपाट भरून जाईल. अडचण पैशाची नाहीं, मनाची आहे. बिंदू चौकांतून आपण नित्य जातों-येतों. तेथें फुले व आंबेडकर यांचे पुतळे आहेत. त्यांना आपण नमस्कार करतों. त्यांच्याजवळच तुरुंगाची भिंत आहे. तिच्याकडे आपण पाहतही नाहीं. त्या भिंतीपलीकडील माणसांपैकीं एखाद्यानें उद्यां कांहीं लिहिलें, तर तें कोठें नेऊन द्यावें याचा पत्ता या शहरांत असला पाहिजे. चौथ्या शिवाजी महाराजांचें एक पानही ज्या गांवाला राखतां आलें नाहीं, त्या गांवावर एवढें ऋण नक्कीच आहे.